साडेसातातला अर्धा डॉक्टर

कचेरीत हयात गेलेल्या माणसाला चेहरे आठवत नाहीत, शिक्के आठवतात. मी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो तेव्हा निरोपसमारंभात साहेब म्हणाले, "यांच्या टेबलावरून अपुरा कागद कधी पुढे गेला नाही." टाळ्या पडल्या. पुरा कागदही सहसा गेला नाही. पण शाल-श्रीफळाच्या वेळी इतकं खोलात कोणी जात नाही.

त्यामुळे भाचा चीनमधून एमबीबीएस झाला आणि ती डिग्री भारतात मान्य करून घ्यायची वेळ आली, तेव्हा ताईने बल्लारपूरहून मलाच फोन केला. "दादा, तुह्यासारखा कागदातला माणूस घरात असताना आम्हाले कायची चिंता?" माझ्या गुणांची घरात अशी कदर आजवर झाली नव्हती. आमच्या घरी मला दूध उतू जातंय का हे बघायलाही एकट्याला ठेवत नाहीत. मी लगेच हो म्हणालो.

आता चीनच का, हा प्रश्न तुम्हाला पडेल. चंद्रपुरात सरकारी मेडिकल कॉलेज 2015 साली सुरू झालं आणि भाचा बारावी झाला 2016 साली. कॉलेज दारात होतं, पण दाराच्या आत जायला जेवढे गुण लागतात त्यापेक्षा त्याला थोडे कमी पडले. खाजगी कॉलेजचा आकडा ऐकून भाऊजींनी आधी पाणी मागितलं आणि मग शेताचा सातबारा मागितला. तेवढ्यात नागपूरचा एक एजंट भेटला. त्याने गुळगुळीत कागदावरचं एक बर्फाळ शहर दाखवलं आणि म्हणाला, "सगळं इंग्रजीत. जेवण भारतीय. परत आल्यावर एक छोटीशी स्क्रीनिंग टेस्ट, बस्स." छोटीशी म्हणताना त्याने अंगठा आणि तर्जनी यांच्यात तीळ मावेल एवढी जागा ठेवली होती. त्या जागेत पुढे आमचं अख्खं घराणं अडकलं.

परदेशात डॉक्टर झालेल्याला भारतात डॉक्टर कसं होता येतं, ते सांगतो. आधी बारावीची गुणपत्रिका. मग पात्रता प्रमाणपत्र. मग पासपोर्ट आणि त्यावरचे जाण्यायेण्याचे शिक्के. मग डिग्री, आणि तिच्यावर त्या देशातल्या भारतीय दूतावासाचं साक्षांकन किंवा अपोस्टिल. मग 2002 पासून चालू असलेली एफएमजीई परीक्षा, म्हणजे एजंटची ती छोटीशी स्क्रीनिंग टेस्ट: तीनशे प्रश्न, एका दिवसात दोन बैठका, दीडशे गुणांना पास. मग राज्याच्या वैद्यक परिषदेची तात्पुरती नोंदणी. मग इंटर्नशिप. मग कायम नोंदणी. यादी वाचून माझे डोळे भरून आले. इतकी देखणी कार्यपद्धती आमच्या खात्याला कधी जमली नव्हती.

भाच्याच्या डिग्रीत आणखी एक मेख होती. जानेवारी 2020 मध्ये तो चिनी नववर्षाच्या सुट्टीत महिनाभरासाठी घरी आला. सोबत एक हातबॅग आणि ताईसाठी चहाचा डबा. त्यानंतर करोनामुळे चीनचं दार जे लागलं ते अडीच वर्षं उघडलं नाही. डॉक्टरकीचा उरलेला अभ्यास त्याने बल्लारपुरात, गच्चीवर, पापडांच्या शेजारी बसून पुरा केला. चीनचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. तिकडे आठचं लेक्चर म्हणजे इकडे पहाटे साडेपाच. शेजारच्या काकू ताईला म्हणाल्या, "पोरगा किती पहाटे उठते जी! योगा करते का?" ताई म्हणाली, "नाई जी, पोट कापून राह्यला."

पोट कापायला सुरुवात झाली की नेमकी लाइट जायची. हाकेच्या अंतरावर 2920 मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र. आम्ही कोळसा देतो, धूर घेतो, आणि वीज महाराष्ट्राला पुरवून उरली तर आमच्याकडे येते. लाइट येऊन वायफाय सुरू होईपर्यंत तिकडे पेशंटला टाके पडलेले असायचे. मधे काय झालं ते भाचा अजून पुस्तकात शोधतो आहे.

2022 च्या जूनमध्ये डिग्री मिळाली आणि यथावकाश कुरिअरने घरी आली. मी चष्मा पुसून ती वाचायला घेतली आणि माझ्यातला हेडक्लार्क ताडकन जागा झाला. बारावीच्या गुणपत्रिकेवर आपल्याकडे आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि खाली आईचं. पासपोर्टवर आधी नाव, त्याला चिकटून वडील, आडनाव वेगळ्या ओळीत. आणि चिनी डिग्रीवर वडील गायबच. भाऊजी भडकले. "पैसे आम्ही भरले आन् आमचंच नाव नाई?"

मुंबईला एका खिडकीवर आम्ही उभे राहिलो. पलीकडच्या गृहस्थाने तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "हे तीन मुलगे आहेत."

"नाही हो, एकच आहे. हा काय, माझ्या बाजूला उभा आहे."

"माणूस कशाला दाखवता? कागद दाखवा."

भाच्याच्या कानशिलावरची शीर तटतटली. मला मात्र कौतुकाने भरून आलं. इतकं नेमकं वाक्य मला नोकरीत असताना का सुचलं नाही, याची रुखरुख परतीच्या प्रवासात वर्धा येईपर्यंत गेली नाही.

चंद्रपूरला येऊन प्रतिज्ञापत्र केलं. वकिलांनी मजकूर छान सांगितला: वरील तिन्ही नावांच्या व्यक्ती एकच असून ती मीच आहे. कोर्टासमोरच्या झाडाखाली बसणाऱ्या टायपिस्टने तो ऐकत ऐकत, तंबाखू मळत मळत उतरवला. सही-शिक्का होऊन कागद हातात आला तेव्हा त्यावर छापलं होतं: वरील तिन्ही नावांच्या व्यक्ती एकच नसून ती मीच आहे. टायपिस्ट म्हणाला, "एका अक्षराचा तर फरक आहे, चालून जाते ना जी." मी म्हणालो, "चालून गेलं तर पोराला तीन वेळा परीक्षा द्यावी लागेल." परत स्टॅम्पपेपर, परत झाड, परत तंबाखू.

परीक्षा तशीही एकदा देऊन भागत नाही. बऱ्याच सत्रांत शंभरातले ऐंशीएक जण नापास होतात. हे कळल्यावर ताई म्हणाली, "मंग वीसमधला होय ना!" इतक्या सोप्या तोडग्याकडे भाच्याचं लक्षच गेलं नव्हतं. एकदा तर तो एका गुणाने गेला. घरात सुतक. येणारा प्रत्येक जण चहा घेऊन सांगे, "रिचेकिंगला टाकून दे." या परीक्षेत फेरतपासणी नाही, हे सांगून सांगून भाऊजींचा घसा बसला. तो दाखवायला ते वळणावरच्या इंजेक्शनवाल्याकडे गेले. घरात डॉक्टर असून बाहेर का, असं विचारलं तर म्हणाले, "हा एका गुणाने कमी आहे ना."

त्यात 'नेक्स्ट' नावाच्या नव्या परीक्षेची आवई. 2019 च्या कायद्यात ती लिहून ठेवली आहे, 2023 मध्ये येते असं जाहीर झालं, मग पुढे गेली. भाचा बिचारा दोन परीक्षांचा अभ्यास करत होता. एक होती आणि एक नव्हती. नसलेलीची तयारी जास्त चांगली झाली होती.

या सगळ्या काळात सरकारने त्याला डॉक्टर मानलं नसलं तरी वॉर्डाने पहिल्याच दिवशी मानलं होतं. वॉर्डाला अपोस्टिल लागत नाही. फुकट असलं की पुरतं. सकाळी ओट्यावर रांग. कोणाचा गुडघा, कोणाची शुगर, कोणाच्या जावयाचा रिपोर्ट मोबाइलवर. भाच्याची पंचाईत अशी, की नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय केला तर कायद्याने एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते मीच त्याला कलम काढून, खाली पेन्सिलने रेघ मारून दाखवलं होतं. तेव्हापासून तो पॅरासिटामॉलचं नावसुद्धा इकडेतिकडे बघून घेई.

"डॉक्टरसाहेब, डोकं लय दुखून राह्यलं."

"काकू, डॉक्टरांना दाखवा."

"मंग तू कोण होय?"

"मी अजून कोणी नाही."

"कोणी नाई तर सहा वर्षं कायले गेलता बावा तिकडे?"

काकू तरातरा वळणावर जात. त्या इंजेक्शनवाल्याची डिग्री कोणत्या देशाची, हे बल्लारपुरात कोणी कधी विचारलेलं नाही. तो सुई टोचतो, सलाईन लावतो आणि उधारी ठेवतो. सलाईनच्या बाटलीतून थेंब पडताना दिसतात. पैसे कुठे चालले ते माणसाला डोळ्यांनी बघता येतं. आमचा भाचा मात्र "पाणी भरपूर प्या, दोन दिवसांत आपोआप बरं होईल" असं सांगायचा. असं सांगायला का चीनला जावं लागतं?

लग्नाच्या बाजाराची स्वतःची वेगळी परिषद असते. तिचे सदस्य सांबारवडी खातात आणि प्रश्न विचारतात. एक गृहस्थ तीन वड्या संपवून म्हणाले, "मुलगा चांगला आहे. पण नंबर आला का?"

"कायचा नंबर?" भाऊजी म्हणाले.

"नोंदणीचा."

"येऊन राह्यला ना जी."

"मग आला की आम्ही येऊ." चौथी वडी हातात घेऊन ते उठले. माणसं परत आली नाहीत, पण त्यांनी आमचा भाचा 'तात्पुरता डॉक्टर' असल्याचं मूल-सावलीपर्यंत पोचवलं.

ओट्यावर रोज येणाऱ्यांत एक निवृत्त गुरुजी होते. त्यांना काही दुखत नसे, पण रांग दिसली की ते उभे राहात. एकदा भाचा फारच खचलेला पाहून त्यांनी त्याला धीर द्यायला इतिहास काढला. गुरुजींचा इतिहास धीर कमी देतो, पण वेळ चांगला घालवतो.

"आनंदीबाई जोशी 1886 साली फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या," गुरुजी म्हणाले. "त्या अजून अमेरिकेत होत्या तोवर कोल्हापूर संस्थानाने पत्र पाठवून त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागावर नेमलं. स्क्रीनिंग नाही, साक्षांकन नाही. एक पत्र!"

"मग त्या कोल्हापूरला गेल्या?" भाच्याने आशेने विचारलं.

"नाही. आल्या त्या आजारी होऊन आणि 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या."

ओटा गप्प झाला. गुरुजींच्या लक्षात आलं की औषध उलटं लागू पडतंय. त्यांनी मात्रा बदलली. "बरं, इंग्रजांनी तर 1930 साली आपल्याच डिग्र्यांची मान्यता काढून घेतली होती. कारण काय, तर आपल्या कॉलेजांत प्रसूतिशास्त्राचं शिक्षण पुरेसं होत नाही!"

"बाळंतपणं कमी पडली? आपल्याकडे?" सात लेकरांची एक आजी रांगेतून म्हणाली. "मले विचारलं असतं तर!"

"त्याच रागाने 1933 चा कायदा झाला आणि आपली मेडिकल कौन्सिल आली. पुढे 1975 साली त्यांनी पुन्हा तेच केलं. तेव्हापासून आपल्या पोरांना तिकडे परीक्षा द्यावी लागते. त्यांनी आपल्याला खिडकीवर उभं केलं, आपण चीनहून आलेल्याला उभं करतो. फक्त खिडकीच्या आत कोण बसलंय एवढंच बघायचं."

मला गुरुजींचं पटलं. खिडकीच्या आतली खुर्ची फारच आरामाची असते. तिच्यावर बसलं की बाहेरचा प्रत्येक माणूस संशयित दिसतो, ही माझी अनेक वर्षांची साक्ष आहे. त्यात द्वेष नसतो, पाठीला टेकायला मिळालेलं असतं.

शेवटी भाचा पास झाला. ही बातमी ताईच्या नणंदेच्या गावी, वडशाकडे पोचली. झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम असतो. शंकरपट, मंडई, पाहुणेरावळे आणि रात्रभर नाटक. गावाने भाच्याला प्रमुख पाहुणा केलं आणि रंगमंचावर बॅनर लावलं: 'चीनचे सुप्रसिद्ध डॉक्टर यांचे हार्दिक स्वागत'. सूत्रसंचालकाने माइकवर "थेट चीनवरून आलेले" असं म्हणताच पुढच्या दोन रांगांनी खिशातले जुने मास्क काढून तोंडाला लावले. भाच्याने नारळ फोडला तोही लांबूनच त्याच्या हातात ढकलण्यात आला.

पण पास होणं म्हणजे पोचणं नव्हे. शेवटची वर्षं गच्चीवर झाली म्हणून त्याच्या तुकडीला एकाऐवजी दोन वर्षं इंटर्नशिप. आणि परदेशातून आलेल्यांना कॉलेजातल्या एकूण जागांच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच घ्यायचं, असा नियम. भाचा हताश होऊन म्हणाला, "मामाजी, शंभर जागांचं कॉलेज म्हणजे साडेसात जण. माझा नंबर आठवा आहे."

हा प्रश्न माझ्या आवाक्यातला होता. मी एका कॉलेजच्या कारकुनाला जाऊन भेटलो. "सात जण तुम्ही घेतलेत. उरला अर्धा. हा पोरगा अर्धा घ्या."

"अर्धा कसा घेणार?"

"सकाळची पाळी."

त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. एका कारकुनाने दुसऱ्याला ओळखलं. त्याने रजिस्टर उघडलं, आकडेमोड केली, परत केली आणि मग हळूच म्हणाला, "अर्ध्या माणसाचं विद्यावेतन कोणत्या शीर्षाखाली टाकू?" इथे माझी विद्या संपली. कारकुनीत मला हरवणारा माणूस चंद्रपूर जिल्ह्यात आहे, हे मला त्या दिवशी कळलं. परिचय वाढवावा म्हणून मी त्याला चहा पाजला.

पुढे दुसरीकडे जागा लागली आणि ग्रामीण भागाच्या पाळीत भाच्याला थेट गडचिरोलीत भामरागडकडच्या एका आरोग्य केंद्रात पाठवलं. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की तिकडचा आणि आपला संबंध तुटतो. पेशंटशी बोलता यावं म्हणून भाचा चीनमध्ये चिनी शिकला होता; इथे पेशंट माडिया बोलतात. सहा वर्षांत कमावलेलं "कुठे दुखतंय?" पहिल्या पाच मिनिटांत बाद झालं. तीनशे प्रश्नांत माडियाचा एकही नव्हता.

गडचिरोलीचं डिग्रीशी नातं मुळात वेगळंच आहे. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे हेमलकशाला गेले 1973 साली. दोघंही नागपूरचे डॉक्टर, पण सुरुवातीला त्यांच्याकडे पेशंट फिरकत नसे. अभय आणि राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकून गडचिरोलीत आले आणि त्यांनी घरच्या घरी नवजात बाळ वाचवण्याचं काम शिकवलं कोणाला, तर गावातल्या थोडक्या शिकलेल्या बायांना. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले, आणि 1999 साली त्याचा निबंध 'लॅन्सेट'ने छापला. म्हणजे गडचिरोलीच्या आरोग्यदूत बायांच्या कामावर शिक्का लंडनचा! हे वाचून माझं डोकं दोन दिवस गरगरत होतं. यांची पात्रता प्रमाणपत्रं कोणी तपासली?

भाच्याचं तिथे काय झालं, ते त्याने फोनवर सांगितलं. पहिल्या आठवड्यात एक म्हातारी आली. नर्सबाई मधे उभी राहून भाषांतर करत होती.

"आजी विचारते, तुम्ही परमुलखातले का?"

भाचा खुलला. "हो, चीन."

नर्सबाईने सांगितलं. म्हातारीने मान हलवली. "ती म्हणते, ते नाही ठाऊक. चांद्याचे का?"

"हो, चंद्रपूरकडचाच."

"तेच म्हणते ती. लांबचा आहे."

मग म्हातारीने नातवाला पुढे ढकललं. याच्या पोटात दुखतं म्हणाली. भाच्याने पोट दाबलं, जीभ पाहिली, छातीला नळी लावली, पोराला हसवलं, पुन्हा पोट दाबलं. आणि घाबरत घाबरत म्हणाला, "याला काहीही झालेलं नाही. औषध नको." म्हातारी काही न बोलता निघून गेली. भाच्याला वाटलं, झालं, ही आता पुजाऱ्याकडे जाणार.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती परत आली. या वेळी स्वतःचा गुडघा घेऊन, सोबत शेजारच्या तिघी. नर्सबाई हसत म्हणाली, "डॉक्टर, पोरगं धडधाकटच होतं. आजी नव्या डॉक्टरकडे आधी त्यालाच पाठवते. जो त्याला सुई टोचतो त्याच्याकडे ती स्वतः येत नाही."

"मामाजी," भाचा फोनवर ओरडत होता, "एकच प्रश्न होता! आणि मी पास झालो!"

मला आनंद झालाच. पण आनंदात माणसाने भान सोडू नये. मी विचारलं, "तिने काही लेखी दिलं का?"

"नाही, मामाजी."

"नर्सबाईची साक्षीदार म्हणून सही?"

"मामाजी, काय बोलता?"

"अरे बाबा, तोंडी मान्यता टिकत नाही. उद्या बदली होऊन तू एटापल्लीला गेलास तर तिथली म्हातारी तुला कशी ओळखणार? आजी पुन्हा आली की अंगठा घेऊन ठेव. आणि दोन प्रतींत घे."